जव्हार-मोखाड्याची खातेवही

(जव्हार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे, म्हणून सुरुवात भूगोलाच्या तासासारखी, नकाशा उघडून करू. आफ्रिकेच्या नकाशात अगदी खाली, दक्षिण आफ्रिकेच्या पोटात, एक छोटा देश आहे. त्याच्या चारी दिशांना शेजारी एकच. लेसोथो हे त्याचं नाव. क्षेत्रफळ 30,355 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या दुपटीला थोडं कमी. लोकसंख्या वीस लाखांच्या जरा वर. या देशातली सगळ्यांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून 1,400 मीटर उंच आहे. आपलं महाबळेश्वर त्या देशाच्या तळापर्यंतही पोचत नाही.

2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिथल्या संसदेत या देशाचं नाव घेतलं, ते कशासाठी, तर हे नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नाही हे सांगायला. पुढच्याच महिन्यात त्या न ऐकलेल्या देशाच्या मालावर 50 टक्के आयातकर जाहीर झाला. नंतर तो 15 टक्क्यांवर आणला. पण अमेरिकेसाठी जीन्स शिवणाऱ्या तिथल्या कारखान्यांत हजारो बायका कामाला आहेत, त्यांच्या पोटात तेवढ्यात गोळा आला. आपल्याला कुणी ओळखत नाही, पण आपल्या चुलीचा निर्णय मात्र तोच घेतो, हा अनुभव या सभागृहात बसलेल्या कुणालाही परका वाटू नये. जव्हार-मोखाड्याचं नाव पुण्या-मुंबईत दोनच वेळा निघतं: कुपोषणाच्या बातमीत आणि पावसाळी सहलीच्या जाहिरातीत.

मी आज लेसोथो निवडला तो केवळ डोंगराळ आणि गरीब म्हणून नव्हे. त्या देशाची अर्थव्यवस्था दोन गोष्टी बाहेर पाठवून उभी राहिली: माणसांचे कष्ट आणि डोंगरावरचं पाणी. दोन्हींचं गिऱ्हाईक एकच, जोहान्सबर्ग आणि त्याच्या भोवतीचा श्रीमंत पट्टा. आता जोहान्सबर्गच्या जागी मुंबई लिहा. सरकारी कागदांत आपले तालुके ‘अतिदुर्गम’ म्हणून नोंदलेले आहेत आणि त्यांच्यासमोर अनुदानांची यादी असते. त्या यादीतून असं चित्र उभं राहतं की हा मुलूख नुसता घेतो. तो देतो किती, याची वही मात्र कुणी ठेवलेली नाही. लेसोथोने अशी वही ठेवली. ती बरोबर ठेवली का, हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे येऊच.

आधी थोडा इतिहास, कारण दोन्ही ठिकाणी तो चमत्कारिकपणे सारखा आहे. लेसोथोत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोश्वेश्वे नावाच्या राजाने युद्धांनी उधळलेल्या टोळ्या एकत्र केल्या. थाबा बोसियू नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर तो 1824 मध्ये जाऊन बसला आणि तो डोंगर त्याच्या हयातीत कुणाला घेता आला नाही. पण डोंगर राखला तरी पायथ्याची काळी, सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांच्या ऑरेंज फ्री स्टेटने लढाया करून हिरावली. 1868 मध्ये मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं तेव्हा कॅलेडन नदीच्या पलीकडचा सपाट मुलूख हातचा गेलेला होता. उरला तो बहुतेक डोंगर. तरीसुद्धा 1870 च्या दशकात किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवरची माणसं बासोथो, म्हणजे लेसोथोच्या लोकांनी पिकवलेलं धान्य खात होती. पुढे रेल्वेने बाहेरचं स्वस्त धान्य आलं, उताराची माती धुपत गेली, आणि धान्य पाठवणारा देश माणसं पाठवू लागला. 4 ऑक्टोबर 1966 रोजी तो स्वतंत्र झाला तेव्हा ही घडी पक्की बसलेली होती.

आता आपलं घर. जयबा मुकणे यांनी जव्हारचं राज्य उभं केलं आणि 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्यांच्या मुलाला, नेमशाहांना, राजा म्हणून मान्यता दिली. जयबांनी एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून सगळा मुलूख वेढला, ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. गंमत अशी की नेमकी हीच गोष्ट आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज शहराबद्दल, डिडो राणीच्या नावावर, दोन हजार वर्षांपासून सांगितली जाते. ती इथे कशी आली, की दोन्हीकडे आपापली उगवली, यात मी पडत नाही. राज्य एके काळी किनारपट्टीकडे बरंच खाली पसरलेलं होतं. अठराव्या शतकात पेशव्यांनी त्यातला पिकाऊ मुलूख टप्प्याटप्प्याने काढून घेतला आणि मुकण्यांकडे डोंगर ठेवला. ब्रिटिशांच्या काळात उरलेलं संस्थान 310 चौरस मैलांचं. 1901 च्या खानेसुमारीत माणसं 47 हजारांवर. मोखाडा संस्थानात नव्हता, तो इंग्रजी अंमलातल्या शहापूर तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटविभाग, होता. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, दोघं ठाणे जिल्ह्यात एकत्र आले आणि 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात.

म्हणजे मोश्वेश्वे काय आणि मुकणे काय, दोघांकडे सखल जमीन टिकली नाही. डोंगरातली माणसं तिथे आवडीने जाऊन राहिली आणि म्हणून मागे पडली, असं शहरातल्या माणसाला वाटतं. चांगली जमीन कुणी घेतली हा प्रश्न मग विचारावा लागत नाही.

दगडसुद्धा एकच आहे. लेसोथोचे उंच डोंगर सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दोन्हीकडे बेसाल्टच. हा दगड पाणी मुरू देण्यात कंजूष. त्याच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत मावेल तेवढंच पाणी राहतं, बाकी उतारावरून पळतं. लेसोथोत वर्षाला 800 मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो. जव्हारला तीन हजारांच्या आसपास, म्हणजे चौपट. तरी लेसोथोला जग पाण्याचं कोठार म्हणतं आणि मोखाड्यात होळीनंतर टँकर येतो. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. वाघ, पिंजाळ, वैतरणा यांच्या खोल दऱ्यांत उतरतो आणि दिवाळीपर्यंत उताराची जमीन कोरडी ठणठणीत होते. गावं आणि पाडे वर सपाटीवर, नदी खाली दरीत. माघ-फाल्गुनात विहिरीचा तळ दिसू लागला की बायका खालच्या झऱ्यावर जातात, हंडा भरायला वाटीने पाणी उपसतात. हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे आगाऊपणा झाला.

शेतीकडे मात्र नीट बघू, कारण बाहेरचा माणूस तिला ‘मागास’ म्हणून एका शब्दात मोकळा होतो. खाचरात भात, वरकस उतारावर नागली आणि वरई, त्यांच्या मागून उडीद, खुरासणी, कुठे तूर, कुठे कुळीथ. ज्या उतारावर नांगर धड उभा राहत नाही तिथे नागलीची रोपं हाताने लावायची. त्याआधी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, म्हणजे तण जळतं आणि रोप तरारतं. या सगळ्याला प्रचंड मजुरी लागते आणि ती घरचीच. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी, सगळ्यांचं कमी-अधिक हेच गणित. दोन्ही तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. पीक एकच, खरिपाचं. नागली कणगीत किती आली यावर घर होळीपर्यंत जाणार की संक्रांतीलाच बाजार गाठणार हे ठरतं. सगळ्यांत वाईट महिने आषाढ ते भाद्रपद: धान्य संपलेलं, आई दिवसभर लावणीला चिखलात, पोर मोठ्या भावंडाच्या कडेवर. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, योजना आल्या. 2016 च्या पावसाळ्यात मोखाड्याचं खोच गाव पुन्हा त्याच बातमीत होतं. कुपोषणाला आपण आजार समजतो, म्हणून औषध शोधतो. मला ते बरंचसं हंगामी रोखीच्या चणचणीचं फळ वाटतं. ज्या घराची वर्षाची कमाई आधीच खाऊन झालेली असते, त्या घरात श्रावणात काय शिजणार?

कमाई आधीच खाल्ली कशी जाते, ते आता बघू.

भात झोडून झाला, दिवाळी सरली, की आपल्या गावांतून माणसं निघतात. भिवंडी, कल्याण, वसई, वाडा इथल्या वीटभट्ट्या, खाडीची रेती, बांधकामं आणि मजूर नाके, घाटावर दिंडोरी-निफाडचे द्राक्षमळे. भट्टीसाठी मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, त्या वेळी घरात दाणा नसतो म्हणून ती घेतलीही जाते. भट्टीवर काम जोडीचं: नवरा-बायको मिळून एक. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते, पीठ-मिठापुरती, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. उचल आणि खर्ची वजा जाता हातात काय पडतं ते मुकादमाच्या वहीवर अवलंबून. कधी उलटी बाकी निघते आणि पुढच्या वर्षाचं जाणं तिथेच ठरतं. वेठबिगार 1976 च्या कायद्याने बंद झाली. त्याआधी, 1945 च्या सुमारास, डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने तिच्यावर घाव घातलाच होता. उचलीला तोच नियम का लागत नाही, हे मला कायद्याच्या पुस्तकात सापडतं पण भट्टीवर सापडत नाही.

लेसोथोची माणसं सोन्याच्या खाणीत जात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती संख्या लाखाच्या वर होती. देशातल्या कामाच्या वयाच्या पुरुषांत खाणीवर न गेलेला शोधावा लागे. त्यांची अवस्था गोड होती असं कुणी समजू नये. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर, दगडाची धूळ छातीत, राहायला पुरुषांचे कोंडवाडे, बायकामुलांना बंदी. त्या धुळीने झालेल्या सिलिकोसिसच्या भरपाईचा समझोता व्हायला 2018 उजाडलं आणि न्यायालयाची मान्यता 2019 मध्ये मिळाली. तोवर कितीतरी जण गेले होते. पण एक गोष्ट त्या छोट्या सरकारने केली. 1974 मध्ये कायदा करून ठरवलं की खाणकामगाराच्या पगारातला 60 टक्के भाग लेसोथोमधल्या बँकेत जमा होईल आणि तो त्याला मायदेशी परतल्यावर मिळेल. कामगारांना हे आवडलं नाही. आपला घामाचा पैसा दुसऱ्याने अडवून ठेवलेला कुणाला आवडेल? 1975 मध्ये त्यावरून खाणींत दंगेही झाले. सरकारचा हेतूही निव्वळ परोपकाराचा नव्हता, त्याला बँकेत भांडवल हवं होतं. ते सगळं मान्य करूनही फरक बघा. तिथला मजूर काम करून परतताना त्याचं घेणं त्याची वाट बघत असे. आपला मजूर निघतानाच देणेकरी असतो.

दुसरा फरक जास्त खोल आहे. खाण फक्त पुरुषाला घेत होती, म्हणून बासोथो बाई गावात राहिली. तिच्या वाट्याला एकटेपण आणि दुप्पट काम आलं, पण शेत, गुरं, शाळा, गावकी चालू राहिली. आपली भट्टी जोडी मागते. म्हणून घराला कुलूप लागतं, म्हातारी आणि कोंबड्या मागे राहतात आणि तिसरीतला पोरगा भट्टीवर कच्च्या विटा उलट्या करायला जातो. सहा महिने गाव नसतंच. जे गाव सहा महिने नसतं, त्याची ग्रामसभा कोण भरवणार, त्याच्या अंगणवाडीच्या तराजूत कोण बसणार? होळीला सगळे परततात, मोखाड्याच्या बोहाड्याला सोंगं नाचतात, आठ दिवस वाटतं की सगळं ठीक आहे.

यावर उपाय कुणी केलेच नाहीत असं नाही. प्रगती प्रतिष्ठान 1972 पासून इथे काम करतंय. बाएफ या संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या, कुंपणाकडेला मोगरा आला. पहाटे खुडलेली कळी त्याच दिवशी दादरच्या बाजारात पोचते, आणि मोगऱ्याची चारशे-पाचशे झाडं ज्या घरी आहेत ते घर भट्टीला सहसा जात नाही. माझ्या मते या तालुक्यांत ‘मिनी महाबळेश्वर’च्या पाट्यांपेक्षा मोगऱ्याच्या रोपाने जास्त काम केलं आहे. पण मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागतं. म्हणजे फिरून पाण्याशीच आलो.

मुंबईने पाण्यासाठी हात कसा लांबवत नेला ते तारखांवरून कळतं. 1860 मध्ये विहार, 1879 मध्ये तुळशी, दोन्ही शहराच्या अंगणात. 1892 मध्ये तानसा. 1957 मध्ये वैतरणेवर मोडकसागर, 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा. आणि या शतकात मध्य वैतरणा: मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाशी, 102 मीटर उंचीचं धरण. त्यातून मुंबईला रोज 45 कोटी 50 लाख लिटर पाणी मिळेल असं महापालिकेचं गणित आहे. हे पाणी दरीतून मोडकसागराकडे आणि तिथून नळाने भांडुपला जातं, बरंचसं आपल्याच वजनाने. डोंगराने उंची दिली म्हणून तेवढी वीज वाचते. या उंचीची किंमत कुणाच्या बिलात नसते.

मोखाडा तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 83 हजार होती. भागाकार करा. त्या एका धरणातून जाणारं पाणी मोखाड्याच्या दर माणसामागे रोज सुमारे 5,500 लिटर पडतं. टंचाईत टँकरने द्यायच्या पाण्याचं सरकारी माप माणशी 20 लिटर आहे.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ असं आपण म्हणतो. ते इथे पुरतं खरं नाही, कारण धरण उशाला नाही, पायाशी आहे. गाव वर आणि साठा खोल दरीत. पाणी वर चढवायचं तर पंप, वीज, नळ, देखभाल, आणि दर महिन्याचं वीजबिल भरणारी ग्रामपंचायत हवी. तांत्रिक अडचण खरी आहे, ती नाकारून भाषण ठोकण्यात अर्थ नाही. पण तिचं भाषांतर पैशात होतं. पैसा असेल तर पाणी चढतं. शहरातल्या पंचविसाव्या मजल्यावर ते रोज चढतंच.

आता लेसोथोने काय केलं ते सांगतो. 24 ऑक्टोबर 1986 रोजी त्याने दक्षिण आफ्रिकेशी पाण्याचा तह केला. कात्से नावाचं 185 मीटर उंच धरण, डोंगराच्या पोटातून बोगदे, वाटेत वीजघर, आणि जानेवारी 1998 मध्ये पाणी पलीकडे पोचलं. मोहाले धरण त्यानंतरचं. यातलं खरं कौशल्य धरणात नाही, दराच्या सूत्रात आहे. दक्षिण आफ्रिकेला तेच पाणी नदीच्या खालच्या अंगाला, आपल्या हद्दीत अडवून पंपाने वर चढवून नेता आलं असतं. त्याला खर्च किती आला असता? लेसोथोतून आणल्यामुळे किती वाचला? जी बचत निघाली तिचे वाटे केले: 56 टक्के लेसोथोचे, 44 टक्के दक्षिण आफ्रिकेचे. ही रॉयल्टी लेसोथोच्या तिजोरीत नियमाने येते. कुणाच्या दयेवर नाही, अर्थसंकल्पातल्या कुणाच्या मर्जीवर नाही.

इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. हा तह कोणत्या वर्षी झाला? त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळून लेसोथोचा श्वास कोंडला होता आणि लष्कराने तिथलं सरकार उलथलं होतं. दहा महिन्यांत सही झाली. वाटाघाट बरोबरीची होती असं कुणी म्हणू नये. धरणात शेतं बुडालेल्यांना पन्नास वर्षं दरसाल मका किंवा रोख द्यायचं ठरलं. त्यात उशीर आणि वाद होत राहिले. या पाणी प्रकल्पाच्या प्राधिकरणाचे मुख्य अधिकारी मासुफा सोले परदेशी कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल 2002 मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेले. लाच देणाऱ्या एका बड्या कॅनेडियन कंपनीलाही त्या छोट्या देशाच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. आणि सगळ्यांत बोचणारी बाब: कात्सेच्या काठावरच्या डोंगरमाथ्यांवरची गावं स्वतः पाण्यासाठी वणवण करतात. रॉयल्टी राजधानीत, मासेरूला येते. तिथून डोंगरावर चढताना तीही आपल्या पाण्यासारखीच उतार शोधते. देशातल्या दर तीन लहानग्यांत एक खुरटलेलं आहे.

म्हणून लेसोथोची नक्कल करा असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडून सूत्र घ्यावं आणि वाटपाची चूक टाळावी.

सूत्राचं आपल्या मापात उदाहरण देतो. मध्य वैतरणेच्या पाण्यावर हजार लिटरला फक्त एक रुपया, स्थळहक्क म्हणून, आकारला असं धरा. रोजचे साडेचार लाख रुपये होतात, वर्षाचे साधारण साडेसोळा कोटी. मोखाड्याच्या माणशी दोन हजारांच्या आसपास. पाच माणसांच्या घराला दहा हजार. मुकादमाची उचल नाकारायला कित्येक घरांना तेवढे पुरतील. आज महापालिका पाटबंधारे खात्याच्या धरणांतल्या पाण्याचे पैसे सरकारला देते, धरण बांधताना जमिनीचा आणि जंगलाचा मोबदला देते. पण जाणाऱ्या पाण्याच्या मापावर मोखाड्याच्या ग्रामपंचायतींच्या खात्यात ठरलेला वाटा पडत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला: मुंबईत पाणी पिणारे काही सगळे श्रीमंत नाहीत. खरंच आहे, आणि त्यांतले कितीतरी तर आपलेच नाक्यावर उभे राहणारे भाऊबंद आहेत. झोपडपट्टीच्या नळावर रुपया चढवू नका. बंगले, हॉटेलं, कारखाने यांच्या दरात तो सहज मावतो. दुसरा आक्षेप अर्थखात्याचा: मुंबईच्या करांतूनच तर आदिवासी उपयोजना चालते, मग पुन्हा वेगळा वाटा कसला? उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी पैसा कुठून आणला? 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात आजही ती कपात दिसते. बँकेतल्या कारकुनाने दरमहा थोडे रुपये द्यायचे आणि त्यातून खडी फोडणाऱ्याला काम मिळायचं. शहर आणि डोंगर यांना कायद्याने बांधणारी एवढी सरळ दोरी या देशात क्वचितच वळली गेली. आज ती कपात कशासाठी सुरू झाली हे कापणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कापून घेणाऱ्यालाही नाही. म्हणजे मी मागतोय ते परदेशातून आणलेलं नाही. आपल्याच राज्याने केलेलं आणि विसरलेलं काम आहे.

वाटपाचं म्हणाल तर मासेरूची चूक आपल्याकडे मंत्रालयात होईल, हे भाकीत करायला ज्योतिषी नको. त्यामुळे वाटा राज्याच्या तिजोरीत नको, जिल्ह्याच्याही नको. पाणलोटातल्या ग्रामपंचायतींच्या खात्यात थेट हवा, आणि पहिला खर्च पाणी वर चढवण्याच्या विजेवर.

हे आजच का बोलायचं? कारण पुढचं धरण जव्हार तालुक्यातच आखलेलं आहे. खिडसे गावाजवळ पिंजाळ प्रकल्प, रोज 86 कोटी 50 लाख लिटरचा. शेजारच्या वाडा तालुक्यात ओगद्याजवळ गारगाई, 44 कोटींचा. शिवाय दमणगंगा-पिंजाळ जोडणीत भुगड आणि वाघ नदीवरच्या खारगीहिल इथली धरणं बोगद्यांनी पिंजाळला जोडून तिकडचंही पाणी मुंबईला वळवायचं आहे. मध्य वैतरणा झाली तेव्हा आपण मोबदल्याच्या रकमेवर भांडलो. मोबदला एकदा मिळतो आणि संपतो. पाणी रोज जातं. एकदा भिंत उभी राहिली की वाट्याची बोलणी होत नाहीत, फक्त अर्ज होतात.

दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारणं त्यात बंधनकारक आहे. मग माझी विनंती ग्रामसभांना आणि इथल्या शिक्षकांना आहे. दिवाळीच्या आत, माणसं भट्टीला जाण्याआधी, एक वही सुरू करा. गावातून किती घरं निघाली, कुठे गेली, उचल किती घेतली, हिशेबात किती हातात आलं. गावाच्या शिवारात पाऊस किती पडला, विहीर कोणत्या महिन्यात आटली, टँकर किती आले. आठवी-नववीची मुलं हे काम उत्तम करतील, पर्जन्यमापक शाळेच्या छपरावर बसवता येतो. जलसंपदा खात्याकडे आणि महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून दर महिन्याला किती पाणी बाहेर गेलं तो आकडा शेजारच्या रकान्यात लिहा. आणि पिंजाळच्या कामासाठी अधिकारी गावात येतील तेव्हा ती वही ग्रामसभेच्या टेबलावर ठेवून आधी पाण्यातल्या वाट्याचं बोला, जमिनीच्या भावाचं नंतर.